अजगराच्या नख्या : हरवलेल्या पायांचं एक प्रकरण

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, भात पोटरीला आलं होतं त्या सुमारास, कोंबड्यांच्या खुराड्यात अजगर सापडला. कोंबड्या गिळून पोट फुगल्यावर त्याला आल्या फटीतून परत जाता येईना. सर्पमित्राने त्याला सोडवलं, वनरक्षकाने नोंद घेतली. पोत्यात जाण्याआधी अंगाला पीळ देत तो उलटा झाला, तेव्हा जमलेल्या माणसांना त्याची पोटाकडची बाजू दिसली. शेपटी जिथे सुरू होते तिथे दोन्ही अंगांना एकेक आखूड, वाकडी नखी होती. "ह्येका पाय आसत काय?" हा प्रश्न तिथेच उठला आणि उत्तरंही तिथेच सुरू झाली. कोणी म्हणालं, व्यंग असेल. कोणी म्हणालं, अजगर म्हातारा झाला की त्याला पाय फुटतात. एका आजोबांनी सांगितलं की पूर्वी सापांना पाय होते, वापरले नाहीत म्हणून झडले.

मी जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. गर्दीत आमचे काही विद्यार्थी होते. त्यांनी काढलेले फोटो वर्गात आले आणि उत्क्रांतीचा धडा त्या फोटोंवरूनच घ्यायचं ठरलं. भारतीय अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, त्यामुळे प्राणी जंगलात गेला आणि आमच्याकडे फोटो, प्रश्न आणि जगभर प्रसिद्ध झालेलं संशोधन एवढंच साहित्य उरलं. ते पुरेसं होतं. आजोबांचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटलं. त्यातला पहिला भाग अगदी खरा आहे, आणि दुसरा भाग कुठे अडतो ते पाहायला गेलं की शरीराचे आकार कसे बदलतात या प्रश्नाच्या गाभ्यापर्यंत पोचता येतं.

नख्या म्हणजे काय

व्यंगाची शंका लवकर मिटते. या नख्या प्रत्येक अजगराला असतात, नराला आणि मादीला दोघांनाही. नराच्या मोठ्या असतात आणि मीलनाच्या वेळी तो त्यांनी मादीच्या अंगाला स्पर्श करतो, तिला धरून ठेवतो. मांडूळ आणि डुरक्या घोणस यांनाही अशा बारीक नख्या असतात, फक्त त्या शोधाव्या लागतात. नाग, धामण, मण्यार, फुरसे यांच्या अंगावर त्यांचा मागमूस नाही.

नखीच्या आत, स्नायूंमध्ये रुतलेलं, मांडीच्या हाडाचं छोटं अवशेषरूप असतं आणि त्याला जोडून कमरेच्या हाडाचे तुकडे. हे तुकडे पाठीच्या कण्याला जोडलेले नसतात. घोरपडीच्या कमरेवर मागच्या पायांचा भार येतो. अजगराच्या त्या हाडांवर कसलाच भार येत नाही. म्हणजे अजगराला मागचे पाय आहेत, पण मांडीच्या सुरुवातीलाच थांबलेले. पुढच्या पायांचं मात्र काहीही शिल्लक नाही, खांद्याचं हाडसुद्धा नाही.

जीवाश्मांची साक्ष याच्याशी जुळते. अर्जेंटिनात सापडलेल्या आणि २००६ मध्ये वर्णन झालेल्या 'नजाश' नावाच्या प्राचीन सापाला कमरेचं हाड कण्याला जोडलेलं होतं आणि शरीराबाहेर येणारे मागचे पाय होते. जेरुसलेमच्या उत्तरेकडे सापडलेल्या 'पॅकिरॅकिस' आणि 'हासिओफिस' या सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापांनाही मागचे पाय होते. यांपैकी एकालाही पुढचे पाय नाहीत. पुढचे आधी गेले, मागचे बरेच रेंगाळले. तेव्हा 'सापांना पूर्वी पाय होते' हे आजोबांचं म्हणणं वहीत खूण करून ठेवण्यासारखं होतं.

अंड्यातला अजगर

खरी गोष्ट अंड्यात घडते. पाठीचा कणा असलेल्या चार पायांच्या सगळ्या प्राण्यांत पायाची सुरुवात एकसारखी होते. भ्रूणाच्या कुशीला एक छोटा फुगवटा येतो, त्याला आपण अंकुर म्हणू. या अंकुराच्या मागच्या कडेला, म्हणजे जिथे पुढे करंगळी होणार तिथे, काही पेशी एक प्रथिन तयार करू लागतात. त्या प्रथिनाच्या जनुकाचं नाव सॉनिक हेजहॉग. हे प्रथिन अंकुरात पसरतं. ते किती प्रमाणात आणि किती वेळ मिळतं, यावर अंकुर वाढत राहणार का, बोटं किती होणार आणि कुठलं बोट कसं दिसणार हे ठरतं. पुरवठा लवकर बंद झाला तर अंकुराची वाढ खुंटते.

अजगराची मादी अंडी घालते तेव्हा आतल्या भ्रूणाला मागच्या पायांचे अंकुर आलेले असतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात फ्रान्सिस्का लेआल आणि मार्टिन कोन यांनी नुकत्याच घातलेल्या अंड्यांतले अजगराचे भ्रूण तपासले. त्यांचं काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. या अंकुरांमध्ये सॉनिक हेजहॉग चालू होतं, पण अगदी थोडा वेळ. अंडी घातल्यानंतर एका दिवसाच्या आत ते बंद पडतं. तेवढ्या वेळात अंकुर बरीच मजल मारतो: मांडीच्या हाडाचा, नडगीच्या दोन्ही हाडांचा आणि पावलाचासुद्धा कूर्चेआधीचा आराखडा उमटतो. मग खालचे भाग विरघळून जातात. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तोवर मांडीचं छोटं हाड आणि टोकाची नखी एवढंच उरतं.

हे वाचून दाखवलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. सापाच्या अंड्यात आजही पाऊल आखलं जातं आणि पुसलं जातं, ही गोष्ट मला स्वतःला अजूनही हलवून सोडते. "म्हातारपणी पाय फुटतात" या समजुतीचं उत्तरही इथेच आहे. पाय फुटायची वेळ अंड्यात असते, आणि ती तिथेच संपते.

जनुक शाबूत, मग बिघडलं काय?

विद्यार्थ्यांचा पहिला अंदाज असा होता की अजगराचं सॉनिक हेजहॉग जनुक खराब झालं असणार. अंदाज सरळ आहे आणि तो तपासताही येतो. बर्मी अजगर आणि नागराज यांचे संपूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत हे जनुक आहे आणि ते धडधाकट आहे. ते असायलाच हवं, कारण हे प्रथिन फक्त पायांसाठी नाही. मेंदूचे दोन भाग होणं, मज्जारज्जूची आखणी, आतडी, दात, या सगळ्यांना ते लागतं. १९९६ मध्ये उंदरांतून हे जनुक पूर्ण काढून टाकण्याचा प्रयोग झाला. त्या पिल्लांचा मेंदू दुभागला नाही, चेहऱ्याची घडण कोसळली, दोन डोळ्यांच्या जागी एकच झाला आणि ती जगली नाहीत. सापाने पाय घालवण्यासाठी हे जनुक मोडलं असतं तर सापच उरला नसता.

मग पाय तेवढे कसे गेले? याचं उत्तर जनुकाच्या बाहेर, पण त्याच गुणसूत्रावर सापडतं. डीएनएचा फार थोडा भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्या भागात असे तुकडे विखुरलेले असतात ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण कुठलं जनुक कुठल्या अवयवात, कधी आणि किती चालायचं हे त्यांच्यावर ठरतं. त्यांना एन्हान्सर म्हणतात. विशिष्ट नियंत्रक प्रथिनं येऊन त्यांच्यावर बसतात, डीएनए वळतो, तुकडा दूरच्या जनुकाजवळ येतो आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. वाडीच्या नळपाणी योजनेत टाकी एक असते आणि दर घरचा कॉक वेगळा. एकाचा कॉक बंद झाला म्हणून वाडीचं पाणी तुटत नाही, टाकी फुटली तर सगळ्यांचं तुटतं. सॉनिक हेजहॉग ही टाकी आहे. मेंदूसाठी त्याचे एन्हान्सर वेगळे, आतड्यासाठी वेगळे, आणि हातापायांसाठी एकच: झेडआरएस.

हा झेडआरएस सुमारे ८०० अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतलं एक रासायनिक एकक) तुकडा आहे आणि जनुकापासून जवळजवळ ८ ते १० लाख अक्षरं दूर, भलत्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरातून फक्त हा तुकडा काढला. उंदीर जन्मले, डोकं ठीक, डोळे दोन, आतडी ठीक. चारही पाय मात्र कोपर आणि गुडघ्यापासून पुढे खुंटलेले. १९९६ आणि २००५ चे हे दोन प्रयोग मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. जनुक मोडलं तर जीव जातो. तुकडा मोडला तर फक्त पाय जातो. नियमनातले बदल शरीराच्या आकारात इतके वारंवार का सापडतात, याचं कारण या दोन ओळींच्या मधे आहे.

झेडआरएस आपल्यातही आहे. त्यात एखादंच अक्षर बदललं तर कधी कधी अंगठ्याच्या बाजूला जास्तीचं बोट घेऊन मूल जन्मतं, कारण सॉनिक हेजहॉग करंगळीच्या कडेबरोबर अंगठ्याच्या कडेलाही चालू होतं. अशी बोटं असलेली माणसं आपल्या गावांत असतात. त्यांच्याकडे शुभ-अशुभाच्या नजरेने पाहिलं जातं, तेव्हा मला वाटतं की या तुकड्याची माहिती घरोघरी जायला हवी.

उंदरात बसवलेला सापाचा तुकडा

आता प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत एव्हगेनी क्वोन, अॅक्सल व्हिसेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्येच, फ्लोरिडाच्या गटापासून स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या प्राण्यांच्या झेडआरएसची तुलना केली. मासा, सरडा, कोंबडी, माणूस, सगळ्यांत तो ओळखू येण्याइतका सारखा आहे. सापांमध्ये त्याची झीज दिसते. अजगर आणि बोआ (मांडुळाच्या नात्यातले साप) यांच्यात कमी. व्हायपर कुळात, म्हणजे आपलं फुरसे आणि घोणस ज्यातले आहेत त्या कुळात, आणि नागाच्या कुळात फार जास्त.

मग त्यांनी उंदराच्या डीएनएतून झेडआरएस काढून त्या जागी दुसऱ्या प्राण्यांचा बसवला. माणसाचा बसवला तर उंदराचे पाय नीट आले. माशाचा बसवला तरीही नीट आले, आणि माशाला तर पाय नसतात, पर असतात. इतका हा तुकडा जुना आहे. सापाचा बसवला तेव्हा उंदराचे पाय खुंटून गाठीएवढे राहिले.

पुढची पायरी मला सर्वांत देखणी वाटते. सापांच्या झेडआरएसमधून १७ अक्षरं गळालेली आहेत. त्यांच्यात ईटीएस-१ नावाच्या नियंत्रक प्रथिनाची बसायची जागा होती. संशोधकांनी अजगराच्या तुकड्यात ही १७ अक्षरं परत घातली, बाकीचा तुकडा अजगराचाच ठेवला, आणि तो उंदरात बसवला. पाय पूर्ण आले.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, म्हणजे १७ अक्षरांनी सापाचे पाय नेले?"

कारण की परिणाम

प्रश्न नेमका होता आणि त्याला घाईने 'हो' म्हणायचं नव्हतं. उंदराच्या प्रयोगावरून एवढं नक्की कळतं की हा बदल पाय खुंटवायला पुरेसा आहे. इतिहासात तो पहिला होता का, हे त्यावरून ठरत नाही. दुसरी शक्यताही विचारात घ्यावी लागते. बिळातून, दाट गवतातून, पाण्यातून सरपटणाऱ्या लांब अंगाच्या प्राण्याला पाय अडचणीचे होऊ लागले असतील, ते इतर कारणांनी लहान होत गेले असतील, आणि उपयोग संपल्यावर झेडआरएसची निगा राखली गेली नसेल. नागाच्या आणि फुरशाच्या कुळांत, पायांचा मागमूस जाऊन कित्येक काळ लोटल्यावर, हा तुकडा सर्वांत जास्त झिजलेला दिसतो, यावरून झिजेचा बराचसा भाग नंतरचा असावा असं मला वाटतं. अजगराचा तुकडा अशक्त आहे, मेलेला नाही. एक दिवस का होईना, तो काम करतो.

आजोबांच्या उत्तराचा दुसरा भाग इथे येतो. 'वापर नाही म्हणून झडले.' एका अजगराने पाय वापरले नाहीत म्हणून त्याच्या पिल्लांच्या डीएनएत काही बदलत नाही. न वापरण्याचा निरोप अंड्यापर्यंत पोचत नाही. पण डीएनएत चुका सतत होत असतात. घोरपडीच्या झेडआरएसमध्ये चूक झाली तर लंगडं पिल्लू जगत नाही आणि चूक त्याच्याबरोबर जाते. पायांची गरजच नसलेल्या सापात तीच चूक पुढच्या पिढीत निर्धास्त जाते, मग तिच्यावर दुसरी साचते. तेव्हा न वापरण्याचा आणि झडण्याचा संबंध आहे. तो प्राण्याच्या सवयीतून न येता, नैसर्गिक निवडीने पहारा उठवल्यामुळे येतो. हे उत्तर मी आजोबांना त्यांच्या अंगणात बसून सांगितलं. "मगे माझा बरोबरच होता," असं ते म्हणाले, आणि त्यांच्याशी वाद घालावा असं मला वाटलं नाही.

एकट्या झेडआरएसवर सगळा भार टाकणंही बरोबर नाही. २०१८ मध्ये ज्युलियाना रॉसिटो आणि सहकाऱ्यांनी सापांच्या जनुकसंचात हातापायांशी संबंधित नियंत्रक तुकडे शोधले तेव्हा असे पुष्कळ तुकडे ठिकठिकाणी बदललेले आढळले. पुढच्या पायांचं कोडं तर आणखी वेगळं आहे. १९९९ मध्ये मार्टिन कोन आणि शेरिल टिकल यांनी मांडलं होतं की अंगाचा कुठला भाग छाती आणि कुठला मान हे ठरवणारी हॉक्स जनुकं अजगरात जवळजवळ सगळ्या धडावर 'छाती' असाच संदेश देतात, त्यामुळे खांद्याची जागाच निश्चित होत नाही. नंतरच्या अभ्यासांनी सापाच्या कण्यातही विभाग असल्याचं दाखवलं आणि त्या मांडणीला मुरड घातली.

कारण आणि परिणाम यांतला गुंता नसलेलं उदाहरण हवं असेल तर ते उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या काटेरी स्टिकलबॅक माशाचं आहे. समुद्रातल्या या माशाला पोटाखाली काटे असतात. हिमयुग ओसरल्यावर तयार झालेल्या तळ्यांत अडकलेल्या माशांच्या कित्येक वस्त्यांत ते काटे गेले. २०१० मध्ये दिसून आलं की पिटएक्स-१ या जनुकाचा पोटाच्या काट्यांपुरता असलेला एन्हान्सर वेगवेगळ्या तळ्यांत स्वतंत्रपणे गळला आहे. जनुक शाबूतच. तो एन्हान्सर बिनकाट्याच्या माशात परत घातला तर काटे येतात. इथे अवघी दहा-बारा हजार वर्षं झाली आहेत आणि त्या भागात निवडीच्या खुणा स्पष्ट मिळतात, म्हणून बोट ठेवून सांगता येतं. अजगराच्या बाबतीत कोट्यवधी वर्षांची धूळ बसलेली आहे.

न वापरलेला तुकडा टिकतो कसा

वर्गात आणखी एक शंका निघाली आणि मला ती फार आवडली: पाय नसलेल्या सापात पायांचे तुकडे इतकी वर्षं राहिलेच कसे? ते कधीच पुसले जायला हवे होते.

डग्लस मेन्के यांच्या गटाने २०१५ मध्ये याचं एक उत्तर दिलं. मागच्या पायांसाठी लागणाऱ्या टीबीएक्स-४ जनुकाचा एक एन्हान्सर त्यांनी तपासला. उंदरात आणि सरड्यात तो मागच्या पायांतही चालतो आणि जननेंद्रियाच्या अंकुरातही. सापाचा तुकडा उंदरात घालून पाहिला तर पायातलं काम तो विसरलेला होता, जननेंद्रियातलं त्याला अजून येत होतं. एकच तुकडा दोन जागी कामाला असेल तर एक काम सुटलं तरी दुसऱ्यासाठी त्याला जपावं लागतं. लेआल आणि कोन यांना अजगराच्या अंकुरात पावलाशी संबंधित हॉक्स-डी जनुकांचा ठसाही बऱ्यापैकी शाबूत मिळाला. त्यांचं म्हणणं असं की पावलाची ही यंत्रणा टिकून राहिल्यामुळे सापांच्या काही प्राचीन वंशांत, एकदा लहान झालेले पाय पुन्हा मोठे झाले असण्याला वाव आहे. पॅकिरॅकिस आणि हासिओफिस यांना वंशवृक्षात कुठे बसवायचं यावर मतभेद आहेत, आणि त्या मतभेदांमागे हीच शक्यता उभी आहे.

आंबोलीच्या बाजूची मुलं यावर देवगांडुळाचं नाव घेतात. आंबोलीवरून २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात, गेगेनिओफिस डॅनिएली, नोंदली गेली. तोही बिनपायाचा, ओल्या मातीत राहणारा. पण तो बेडकांच्या नात्यातला उभयचर आहे, त्याचे पाय सापांपासून पूर्ण स्वतंत्रपणे गेले. सरड्यांच्या आणि सापसुरळ्यांच्या निरनिराळ्या कुळांतही पाय लहान होणं किंवा जाणं पुन्हा पुन्हा घडलं आहे. पाय घालवण्याची वाट इतक्या जणांना सापडते याचं मला नवल वाटत नाही; हातापायांच्या नियमनातल्या एखाद्या दुव्याला धक्का बसला तरी बाकीचा प्राणी जगू शकतो.

शेवटचा प्रश्न सर्पमित्राचा होता. ती १७ अक्षरं खऱ्या अजगरात परत घातली तर त्याला पाय येतील का? उंदरात आले, कारण तिथे पुढची सगळी व्यवस्था हजर होती: कमरेचं हाड कण्याला जोडलेलं, बाकीचे नियंत्रक तुकडे कामावर, स्नायू आणि नसा आपापल्या वाटेने येणाऱ्या. अजगरात सॉनिक हेजहॉग जास्त काळ चाललं तर अंड्यात आखलेलं पाऊल कदाचित लवकर विरघळणार नाही. पण ते पाऊल तीनशेहून जास्त मणक्यांच्या अंगाला, कण्यापासून सुटलेल्या हाडावर लटकलेलं राहील आणि त्याला उभं करणारं काही नसेल. फुरशात तर एवढंही होणार नाही, कारण तिथे अंकुरच येत नाही. अक्षरं परत घालायची तर ती वाचणाऱ्या पेशी तिथे जमलेल्याच नसतात.